म्हशीवरचं आकाश

किनाऱ्यावरच्या त्या सिमेंटच्या प्राण्याला गावात कुणीही देवमासा म्हटलं नाही. बनवणाऱ्याने देवमासाच बनवला होता, पण डोकं जड, पाठ रुंद आणि तोंड असं काही लोंबलेलं झालं, की उद्घाटनाच्या दिवशीच गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अरे, ही तर म्हैस." झालं. त्या दिवसापासून सगळं गाव म्हशीपाशी भेटायला, म्हशीपाशी रुसायला आणि म्हशीपाशी वाट बघत ताटकळायला लागलं. बनवणारा गवंडी मात्र पुन्हा त्या रस्त्याला फिरकला नाही. किनाऱ्यावरून गेलं की बाजार हाकेच्या अंतरावर, तरी गडी पिशवी घेऊन मागच्या गल्लीतून वळसा घालायचा.

त्याची मुलगी पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो काढायची. दुकान चिंचोळं, पण बाई कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. "हनुवटी वर, खांदे सरळ," असं दिवसभर गिऱ्हाइकांना सांगून तिचा घरातला आवाजही हुकमी झाला होता. नगरपालिकेने किनारा नवा करायला काढला, तेव्हा जुन्या किनाऱ्याच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं काम गावातल्या फोटोग्राफर मंडळाकडे गेलं. मंडळाच्या अध्यक्षांनी होड्या घेतल्या, सूर्यास्त घेतले, एका बगळ्याला तर अख्खी भिंत दिली. म्हशीला जागा नाही. "तो विनोद आहे हो बाई, किनारा नव्हे," ते हसत म्हणाले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हैस दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणार होते. त्याआधी तिचा फोटो काढायचा, आणि तोही बाबांसकट, हे मुलीने मनाशी पक्कं केलं.

संध्याकाळी वडील ओट्यापाशी भांडी पुसत होते.

"बाबा, रात्री माझ्याबरोबर किनाऱ्यावर चला."

"उद्या फोडताहेत ना? सुटलो एकदाचा."

"फोडण्याआधी तिच्या शेजारी उभे राहा. एकदाच."

"कशाला? एवढी वर्षं हसले ते पुरे नाही झालं?"

"त्यांनी बघून घेतलं. तुम्ही अजून नीट बघितलेली नाही."

वडील पुसलेलंच ताट पुन्हा पुसत राहिले. मग, तो कॅमेऱ्याचा स्टँड तू एकटी कशी उचलणार, असं कुरकुरत चपला शोधू लागले.

किनाऱ्यावरचे दिव्यांचे खांब कामासाठी आधीच उपटून नेले होते. एरवी त्या दिव्यांपुढे चार-दोन चांदण्या कशाबशा दिसायच्या. आज आकाश गच्च भरलं होतं आणि समुद्रावरून निघालेला आकाशगंगेचा पट्टा थेट म्हशीच्या पाठीवर उतरला होता. शेजारी फोडायचं यंत्र मान खाली घालून उभं होतं. वडिलांनी म्हशीच्या अंगावरून हात फिरवला. "गिलावा अजून धरून आहे," ते पुटपुटले, आणि चोरी पकडली गेल्यासारखा हात मागे घेतला.

"इथे उभे राहा," मुलगी म्हणाली. "अर्धं मिनिट शटर उघडं राहील. अंधारात कॅमेरा सावकाश बघतो. जो हलेल तो पुसला जाईल, जो थांबेल तोच फोटोत येईल. काहीही झालं तरी हलायचं नाही."

तिने शटर उघडलं, आणि नेमके तेव्हाच प्रदर्शनाची तयारी आटोपून अध्यक्ष दोघा-तिघांसह वाळूतून आले.

"अहो बाई, वर एवढं आकाश पडलंय आणि खाली म्हैस कशाला लावताय?"

ते मुद्दाम कॅमेऱ्यासमोरून रेंगाळत चालले. त्यांच्यातला एक जण हंबरला. अध्यक्षांनी हातातला टॉर्च म्हशीच्या तोंडावरून पाठीवर फिरवला आणि मग वडिलांच्या चेहऱ्यावर आणला. "अरेच्चा, खुद्द कलाकार हजर आहेत."

मुलीला पुढचं ठाऊक होतं. आता बाबा मान खाली घालणार, पाठ फिरवणार आणि मागच्या गल्लीने घर गाठणार; लहानपणापासून तिने दुसरं काही पाहिलंच नव्हतं. तो टॉर्च हिसकावून समुद्रात भिरकावून द्यावा असं तिला वाटलं. पण कॅमेऱ्यापासून हलणं शक्य नव्हतं. ती दातओठ खात सेकंद मोजत राहिली.

वडिलांची मान खाली गेली नाही. हनुवटी वर, खांदे सरळ. ते त्या उजेडाकडे रोखून बघत राहिले, आणि हसणाऱ्यांचंच हसू ओसरत गेलं. शटर मिटलं.

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळेच वाकले. वर आकाशगंगा, खाली उजळून निघालेली म्हैस, आणि तिच्या गळ्यापाशी ताठ उभा गवंडी. बाकी नुसती वाळू.

"आम्ही कुठे आहोत?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुम्ही हललात," ती म्हणाली. "उजेड मात्र छान दिलात. आभारी आहे."

सकाळी यंत्र कामाला लागलं. मुलीने दुकानाच्या काचेतून नवरा-नवरीला खाली उतरवलं आणि हा फोटो काचभर मोठा करून लावला. बघायला गर्दी जमली; कुणी हसलं, कुणी हसता हसता थांबलं. किनाऱ्याकडून धडाधड आवाज येत होते. वडील आले ते किनाऱ्याच्या रस्त्याने, भर बाजारातून. चपलांना सिमेंटची धूळ लागली होती.

"खाली नाव लिहायचंय," ती हलकेच म्हणाली. "देवमासा लिहू ना?"

त्यांनी गर्दीकडे एकदा सावकाश बघून घेतलं.

"म्हैस लिही," ते म्हणाले. "आणि तिच्याखाली माझं नाव. रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढं मोठं."