एक नंबरच्या डब्यातलं बटण

माझ्या तोंडात उरलेल्या चार दातांची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर चारही दात उपटून तुमच्या हातावर ठेवीन, आणि मग मला जेवण मऊ करून भरवायचं काम तुमचं.

तर एक होते शिंपी मास्तर आणि त्यांच्याकडे एक होती काजवाली. दुकानाच्या मधोमध लाकडी फळ्यांची भिंत होती. पुढे मास्तर, त्यांचं मशीन, कापायचं टेबल आणि सगळं गाव. मागे काजवाली, तिचं स्टूल, मेणाचा गोळा आणि दोऱ्यांची रिळं. काजं करायची, बटणं लावायची, तुरपाई करायची. तिने लावलेलं बटण शर्ट फाटला तरी निघायचं नाही. शर्ट जायचा, बटण राहायचं. लोक ते बटण घेऊन नवा शर्ट शिवायला यायचे.

भिंतीत एक आरपार कप्पा होता. मास्तरांनी शिवलेला कपडा पुढून त्यात सरकवायचा, काजवालीने मागून ओढून घ्यायचा. आणि त्याच कप्प्यात, कडेला ओळीने, बिस्किटांचे अकरा रिकामे डबे ठेवलेले. एक ते अकरा नंबर टाकलेले. आता हे डबे कशाला, ते ऐका.

गावाची फुटबॉलची टीम होती. रविवारी दुपारी मॅच झाली की लोक घरी न जाता थेट दुकानात यायचे. मास्तर प्रत्येकाला तीन पांढरी बटणं द्यायचे. ज्याचा खेळ आवडला त्याच्या डब्यात टाकायची. तिन्ही एकाला घाला, नाहीतर तिघांना वाटा. सोमवारी संध्याकाळी मोजणी. मग ड्रॉइंगचे सर आपल्या वळणदार अक्षरात फळ्यावर लिहायचे, सगळ्यात जास्त बटणंवाला वर, कमीवाला खाली, आणि फळा रस्त्याकडे तोंड करून टांगायचे.

मतं तीन, पण वाद तीनशे. पोस्टमन एका बाजूला, अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर दुसऱ्या बाजूला. दहा नंबरवाला थोर की नऊ नंबरवाला, यावरून दोघं एकदा असे भिडले की ऐकता ऐकता मास्तरांची इस्त्री पँटवरच राहिली. उचलून पाहिली तर पँटमधून टेबल दिसत होतं आणि टेबलातून जमीन. तरी कुणाचं मत बदललं नाही. दहा नंबरचा डबा दर आठवड्याला ओसंडायचा. त्याने मारलेला एक बॉल तर जाळी फाडून जो गेला तो अजून सापडलेला नाही.

काजवालीला या सगळ्यात एकाच नंबरची पडलेली होती. एक नंबर. गोलकीपर. तिचा धाकटा भाऊ.

आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. ती कामावर यायची तेव्हा त्याला बरोबर आणायची. कापडाच्या चिंध्या घट्ट गुंडाळून, वरून टाके घालून त्याला पहिला बॉल तिनेच करून दिला. दोन स्टुलांच्या मधे तो उभा राहायचा आणि ती बसल्या जागेवरून फेकायची. तेव्हा एकही सुटायचा नाही. आता तो एकतीस वर्षांचा होता, डावा गुडघा जिना चढताना कटकट वाजायचा, आणि पुढे दुकानात त्याचं नाव पडलं होतं चाळण. पोस्टमन म्हणायचा, याच्यापेक्षा गोलमधे माझी सायकल लावा, निदान चाकाला लागून एखादा तरी परत येईल. सगळे हसायचे. मागे काजवाली आहे हे त्यांच्या लक्षातही नसायचं, आणि असतं तरी ते हसलेच असते, जरा हळू.

त्या वर्षी क्लबच्या सेक्रेटरीने नवीन नियम काढला. ज्याचा नंबर लागोपाठ तीन आठवडे फळ्याच्या तळाला, त्याने आपली पिशवी भरून क्लब सोडायचा. आपल्या फळ्यावर क्लब चालतो म्हणून दुकानातले सगळे अर्धी अर्धी वीत फुगले. मास्तरांना दोघांची मापं पुन्हा घ्यावी लागली.

काजवालीच्या डोळ्यांपुढे मात्र भाऊ आला. या वयात, त्या गुडघ्यासकट, त्याला दुसरा कुठला क्लब घेणार? आणि खेळाशिवाय त्याला दुसरं काही येतही नव्हतं. तिने एकदा सुई शिकवून पाहिली होती. त्याने सदऱ्याबरोबर स्वतःची पँटही शिवून टाकली होती.

पहिल्या सोमवारी दुपारी मास्तर जेवायला गेले तेव्हा तिने कप्प्यातून मागच्या बाजूने हात घालून एक नंबरचा डबा हलवला. आवाज नाही. रिकामा. तिने आपल्या कामाच्या बटणांतलं एक पांढरं बटण काढलं आणि त्यात टाकलं. एकच. जास्त टाकली असती तर मोजणीत घोळ लक्षात आला असता. एकाने काही बिघडत नाही, मास्तर म्हणतील, माझीच मोजताना चूक झाली असेल. आणि तिचा हिशेब साधा होता. आपल्या भावाच्या नावापुढे शून्य नको. शून्यापेक्षा एक बरा.

मंगळवारी सकाळी कामावर येताना तिने फळा पाहिला. ती नेहमी खालूनच वाचायची. अगदी तळाला एक नंबर, पुढे एक मत. निदान एक तरी आहे म्हणून ती आत कामाला गेली. फळ्यावर एकूण किती नंबर आहेत ते मोजावं, असं तिच्या मनात आलं नाही.

दुसऱ्या आठवड्यातही तसंच झालं. डबा रिकामा, तिचं एक बटण, तळाला एक नंबर. त्या दिवशी भाऊ घरी आला, हातमोजे धुऊन दोरीवर वाळत घातले. मग म्हणाला, "ताई, एक जण आहे बघ. दोन आठवडे बघतोय. सगळं गाव एका बाजूला आणि हा एकटा पठ्ठ्या मला मत टाकतोय."

ती भाजी चिरत होती. चिरतच राहिली.

"कोण असेल गं? पोस्टमन तर नक्की नाही." तो हसला. "कुणी का असेना. रविवारी त्याच्यासाठी उभा राहणार."

आणि रविवारी तो उभा राहिला हो. टीम चार-एक हरली, ते सोडा. सहा नंबरवाल्याने आपल्याच गोलमधे बॉल घातला, तेही सोडा. पण समोरच्यांना पेनल्टी मिळाली. त्यांचा तो रेड्यासारखा फॉरवर्ड धावत आला, बॉल उजव्या कोपऱ्यात सुटला, आणि आपला चाळण दुखऱ्या गुडघ्यावर असा उडाला की खालून मांजर गेलं असतं. हातमोज्याची दोन बोटं बॉलला लागली, बॉल खांबाच्या बाहेरून गेला. पाचवा गोल झाला नाही.

दुकानात त्यावर असा वाद पेटला की शेजारच्या घड्याळवाल्याची सगळी घड्याळं थांबली. पोस्टमन म्हणत होता की बॉल बाहेरच चालला होता, याने नुसता हात हलवला, जाणाऱ्या बसला हलवतात तसा. ड्रॉइंगचे सर म्हणत होते की त्यांनी बोटं लागलेली पाहिली. ड्रायव्हर म्हणाला, सर, तुम्हाला फळ्यावरचं दिसत नाही चष्म्याशिवाय. मागे काजवाली एका कोटाला बटण लावत ऐकत होती आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, या वेळेला एखादं खरं मत पडेल. सर तरी टाकतील.

सोमवारी दुपारी तिने डबा हलवला. आवाज नाही. सरांनीसुद्धा तिन्ही बटणं दहा नंबरला दिली होती. वाद घालणं वेगळं आणि बटण टाकणं वेगळं.

तिने आपलं बटण टाकलं.

त्या संध्याकाळी मास्तरांनी तिला थांबायला सांगितलं. आठ कोट गुरुवारपर्यंत द्यायचे होते. म्हणून तिने पहिल्यांदाच मोजणी ऐकली. मास्तर एकेक डबा उपडा करत होते आणि सर लिहीत होते. दहाला नऊ. नऊला सात. चारला तीन. मग चौघांना दोन-दोन. सहाचा डबा उपडा केला, काहीच पडलं नाही. मास्तरांनी तो मुकाट्याने बाजूला ठेवला. अकराचाही तसाच, आठचाही. मग एक नंबरचा उपडा केला. टक्.

"एकला एक," मास्तर म्हणाले, आणि सरांनी ते तळाला लिहिलं.

काजवाली कप्प्यातून म्हणाली, "मास्तर, सहाचं राहिलं लिहायचं. त्याला शून्य आहे ना?"

मास्तर म्हणाले, "शून्य आपण लिहीत नाही, बाई. फार वर्षांपूर्वी एका पोराच्या नावापुढे शून्य लिहिलं होतं. त्याने बूट या दुकानाच्या दारात ठेवले आणि गाव सोडून गेला. तेव्हापासून ठरलं. ज्याला मत नाही त्याचं नावच घ्यायचं नाही. माणसाला शून्य लिहू नये."

किती मायेचा नियम होता बघा. आणि ऐकता ऐकता काजवालीच्या हातातली सुई तिच्याच बोटात शिरली, तरी तिला कळलं नाही. सहाला शून्य, म्हणून सहा फळ्यावर नाही, म्हणून सहा वाचला. आठ वाचला. अकरा वाचला. तिने ते बटण टाकलं नसतं तर एक नंबरही फळ्यावर आला नसता. तीन आठवडे त्याला तळाला कुणी बसवलं? तिनेच.

ती भिंतीला वळसा घालून पुढे आली. इतक्या वर्षांत ती मोजणीच्या वेळी पुढे कधी आली नव्हती. तोंड उघडलं तर भावाचा तो एकटा पठ्ठ्या मरणार होता, हे तिला कळत होतं. नाही उघडलं तर भावाची पिशवी भरली जाणार होती. तिने पिशवीचा विचार केला.

"ते बटण माझं आहे," ती म्हणाली. "तिन्ही आठवडे मीच टाकलं. ते मत नव्हे. ते पुसा."

कुणी हसलं नाही. पोस्टमनने तर मान खाली घातली. वाटलं, आता पुसतील. पण ही माणसं कशी, समोर काही आलं की त्यावर वाद घातल्याशिवाय त्यांना श्वास घेता येत नाही. सर म्हणाले, बाई मतदार नाहीत, तर त्यांचं बटण मत कसं? ड्रायव्हर म्हणाला, डब्यात पडलं ते मत. कुणाच्या हातातून पडलं ते आपण कधी विचारत नाही, गुप्त मतदान आहे. एक म्हणाला, दहा नंबरच्या डब्यातलंही मग तपासा. दुसरा म्हणाला, माझ्या बटणाला हात लावाल तर बघा. काजवाली मधे उभी, बोटातून थेंब थेंब रक्त, आणि कुणी तिच्याकडे बघेना.

शेवटी ठरलं की मत घ्यायचं. पुसायचं असेल तर पांढरं बटण, ठेवायचं असेल तर काळं. आठ जण होते. काजवालीनेही डब्याकडे हात केला, तर ड्रायव्हर अगदी मऊ आवाजात म्हणाला, "नाही हो बाई, तुम्ही मतदार नाही."

चार पांढरी निघाली, चार काळी. सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मास्तर कधीच मत द्यायचे नाहीत. डबे त्यांचे, दुकान त्यांचं. त्यांनी चष्मा पुसला, सुईत दोरा ओवायला घेतला, तो तीनदा चुकला.

"बाई, आज तुमचं पुसलं तर उद्या प्रत्येकाची बहीण येईल," ते म्हणाले. "मग हे डबे फेकूनच द्यावे लागतील."

"मग फेका," काजवाली म्हणाली.

मास्तरांनी काळं बटण टाकलं.

मंगळवारी सकाळी सेक्रेटरी दुकानासमोर थांबला, फळ्याची तळाची ओळ वाचली, आणि संध्याकाळपर्यंत भाऊ पिशवी घेऊन घरी आला. बातमी त्याच्या आधी गावभर फिरली होती. तो दारातच बसला, बूट काढले, पण हातमोजे धुतले नाहीत.

"ताई, ते बटण तू टाकत होतीस?"

काजवालीने त्याच्याकडे पाहिलं नाही. "मी कशाला टाकू? त्यांनी तुझं नाव पुसावं म्हणून मी तसं सांगितलं. खोटं बोलले. चाललं नाही."

"मग तो कोण होता?"

"मला काय माहीत."

भावाचं समाधान झालं की नाही ते त्याच्या तोंडावरून कळेना. मग तो उठला, आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. पुढच्या रविवारी मॅच होती तेव्हाही तो तसाच होता. काजवाली मात्र बुधवारीच कामावर गेली. आठ कोटांची बटणं लावायची राहिली होती. कप्प्यातले डबे तिने पुढच्या बाजूला ढकलले, आपला हात पोचणार नाही इतके, आणि खाली बसली.

झालं. असं बघू नका माझ्याकडे, दात मोजू नका. बरं, एक गोष्ट मी घातली, कबूल. इस्त्रीची नाही, ती खरी आहे, ते टेबल मी पाहिलंय. घड्याळंही खरीच थांबली होती. पण ती पेनल्टी... त्याची बोटं बॉलला लागली नव्हती. पोस्टमन खरं बोलत होता, बॉल आपला आपणच बाहेर गेला. पण म्हटलं, सांगायला बसलेच आहे, तर एवढं तरी त्याच्या हाताला लागू दे.