नव्वद काचा

प्राध्यापकसाहेबांनी विसावी काच सूक्ष्मदर्शकाखालून काढली आणि विचारलं, "रखमाजी, खरं सांग. तू टेकडीवर गेलास तरी का?"

"गेलतो की सायेब. रोज."

गेला होता खरा. लोणावळ्यातल्या या बंगल्याचा तो माळी. तीन महिन्यांत एक खाडा नाही. सासरा वारला त्या दिवशीसुद्धा आधी टेकडी, मग तिरडी. रोज सकाळी चिकट लेपाची काच टेकडीवर मांडायची, कालची उतरवून आणायची. हवेतली धूळ त्या लेपावर बसायची. अशाच काचा साहेबांच्या मित्राने उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात जहाजावर मांडल्या होत्या. तिथली हवा आणि घाटातल्या इंजिनांच्या धुराची हवा ताडून पाहायची होती. हे जमलं तर रखमाजीला पुण्याच्या प्रयोगशाळेत कायमची जागा. ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. म्हणजे फक्त न्हाव्याला.

"बर्फावरच्या काचेवरसुद्धा चार कण सापडले," साहेब म्हणाले, "आणि इथं इंजिनं दिवसभर धूर ओकतात, तरी काच आरशासारखी? लेपसुद्धा नाही!"

चहा घेऊन आलेली रखमाजीची बायको झुंबरबाई खुशीत हसली. "आरशावानीच! रोज राखेनं घासून खोक्यात ठिवलीया म्या. काळीमिट्ट काच सायबाच्या हातात द्यायची व्हय? लोक काय म्हंतील आमाला?"

रखमाजीने डोळे मिटले. काच घरी आणून तिच्या हाती द्यायची आणि बागेला पाणी घालायला पळायचं, हा त्याचा रोजचा क्रम.

"कुणी सांगितलं होतं धुवायला?"

साहेबांचा आवाज चढला तशी झुंबरबाईने कपबशी टेबलावर ठेवली.

"म्याच, सायेब," रखमाजी म्हणाला. "तिला काय ठावं?"

झुंबरबाईने काही बोलायला तोंड उघडलं. त्याने तिच्याकडे एकदाच पाहिलं. तिने तोंड मिटलं.

"उद्यापासनं पुन्यांदा मांडू का?"

"आता पाऊस लागेल. तो सरेपर्यंत घाटात कोळशाच्या जागी विजेची इंजिनं आलेली असतील. हा धूर मी पुन्हा कुठून आणू, रखमाजी?"

जागेबद्दल कुणीच बोललं नाही.

साहेबांची पुण्याची गाडी दुपारची होती. रखमाजीने खोकं डोक्यावर घेतलं. स्टेशनापर्यंत तो खड्डे चुकवत, हळू चालला. आतल्या काचा एकमेकींवर आपटू नयेत म्हणून.