रिकामा फ्लॅश

टेचिमान गावात कुणी वारलं की घरासमोर माणसाहून मोठा फ्लेक्स लागतो, आणि त्यावरचा फोटो बरा नसेल तर गाव वर्षभर नावं ठेवतं. त्यामुळे पोकुआ सुतकाच्या लाल-काळ्या कपड्यांत दुकानात शिरली, तेव्हा ती कशाला आली हे फोटोग्राफर अम्पोन्साला विचारावं लागलं नाही.

"दादा, आईचा फोटो द्या. माझ्या बाळाच्या बारशाला काढलेला."

बारशाला जो तो 'माझा एक काढ' म्हणून मागे लागला होता. काढून घ्यायला सगळे पुढे, न्यायला कुणी फिरकत नाही. अशांसाठी अम्पोन्साची एक युक्ती होती: कॅमेऱ्याचं बटण सोडून फ्लॅशमागचं बटण दाबायचं. उजेड पडतो, माणूस खूश होतो, फोटो निघत नाही. पोकुआच्या आईला, सेरवामामींनाही त्याने असंच गुंडाळलं. हात मात्र सवयीचे. समोरून फ्लॅश मारला की काळं कपाळ तेलकट चमकतं, म्हणून त्याने मामींना कपाळ पुसायला लावलं, खुर्ची ओढली, फ्लॅशचं तोंड पांढऱ्या भिंतीकडे वळवलं.

"मामी, हसा की! नवरा बघतोय वरून!"

मामी खळखळून हसल्या. भिंतीवरून परतलेला मऊ उजेड त्यांच्या गालांवर पडला.

"हा माझ्या फ्लेक्सचा," त्या म्हणाल्या. "आत्ता दाखवू नकोस हं, मरण घाई करेल. मी गेले की पोकुआला दे."

तेव्हाच खरा फोटो काढता आला असता. पण केक कापायला हाक आली आणि तो गेला. पुढच्या आठवड्यात घरी जाऊन काढू, अशी त्याने मनाची समजूत घातली. आळशी माणसाचा पुढचा आठवडा कधी उजाडतो का!

आता त्याने उगाच कॉम्प्युटर उघडला. एका फोटोत बाळाच्या मागे, अंधारात, मामींचा अर्धा चेहरा होता. तो त्याने उजळवला, तर राख फासल्यासारखा दिसायला लागला.

"हा नाही हो," पोकुआ म्हणाली. "त्यात ती हसत होती. आजारपणात फोनवर काढू म्हटलं की तोंड फिरवायची. म्हणायची, माझा अम्पोन्साकडे आहे, तसा तुम्हाला जमायचा नाही."

कार्ड बिघडलं, असं सांगता आलं असतं. तिने विश्वासही ठेवला असता. पण ते रडून सुजलेले डोळे बघून त्याची जीभ रेटेना.

"तो फोटो नाहीये, पोकुआ. मी काढलाच नाही. नुसता उजेड पाडला. चुकलं माझं."

पोकुआने स्क्रीनवरच्या त्या राखाडी चेहऱ्याकडे बोट केलं.

"हाच छापा," ती म्हणाली. "आणि खाली तुमचं नाव घाला, मोठ्या अक्षरात. अम्पोन्साने काढलाय म्हणून तिने गावभर सांगितलंय. मला आईला खोटं पाडायचं नाही."