शंभरात एकही तुटला नाही

मित्रांनो, मी एक जुने ताणयंत्र आहे. १९८३ साली अंबरनाथच्या एका कारखान्यात मला बसवले. तिथे क्रेनचे हूक बनत. हूक माझ्या जबड्यात धरायचा, दहा टनांपर्यंत ओढायचा. टिकला तर पास, नाहीतर भंगार.

माझ्यापाशी हिरामण असे. तो जवळच्या जांभूळ गावाहून सायकलने येई. हाताने चाक फिरवून ताण वाढवी आणि तबकडीच्या काट्यावरची नजर हलवत नसे. वर्षातून एकदा माझा काटा तपासून घेई. शंभर हुकांत दोन-तीन तुटत. "तुटला तं बरा झाला," तो म्हणे, "आपल्यासमोर तुटला."

१९९३ साली मला मोटर आणि कॉम्प्युटर जोडला. आता बटण दाबले की झाले. दहा टन भरले की मोटर आपोआप थांबे आणि 'पास' असा कागद निघे. पाहुणे मला बघायला येत. हिरामणला पॅकिंगला पाठवले. वार्षिक तपासणी बंद झाली.

पुढे माझा ताण मोजणारा सेन्सर बदलला, पण नव्या सेन्सरच्या मापाचा आकडा कॉम्प्युटरमध्ये भरायचा राहिला. खरे सहा टन झाले की कॉम्प्युटर दहा दाखवू लागला. जुनी तबकडी सहाच दाखवत होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हते. मीही ओढत राहिले.

महिनाभराने हिरामण मॅनेजर श्यामकांतांकडे गेला.

"सायब, म्हैना झाला, एक बी हूक तुटला नाय."

"मग चांगलंच आहे की! क्वालिटी सुधारली."

"एक बी नाय, सायब? काटा बगाला पायजे."

"हिरामण, तू पॅकिंग बघ."

तो गेला. पुढच्याच आठवड्यात आवारात नवीन प्रेस मशीन क्रेनने उतरवताना आमचाच एक हूक तुटला. खाली आमचा कामगार महिपती होता. त्याचा गुडघ्याखालचा डावा पाय गेला.

मला वाईट वाटले, असे सांगता येत नाही. मला काहीच वाटले नाही. हिरामणही रडला नाही. त्याने मोटर बंद केली, चाक हातात घेतले आणि उरलेले सगळे हूक तबकडी बघत पुन्हा ओढले. चार तुटले, काहींना तडे गेले. श्यामकांत शेजारी उभे राहून आकडे लिहीत होते. एकदाच म्हणाले, "मी ऐकायला हवं होतं." हिरामणने चाक थांबवले नाही.

तीन महिन्यांनी महिपती कुबडीवर आला.

"कसा तुटतो तो, दाखव."

हिरामणने नापास ठरलेल्या ढिगातला, तडा गेलेला एक हूक लावला. आठ टनांवर तो तुटला. महिपती बघत राहिला.

"एवढाच आवाज?" तो म्हणाला, आणि कुबडी टेकत निघून गेला.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, चालेल. पण मी सगळ्यांनाच 'पास' म्हणू लागले, तर त्याच दिवशी मला थांबवा.