डाव्या सीटची परीक्षा

परीक्षा सकाळी दहा वाजता होती आणि मास्तर सहापासूनच टेबलापाशी येऊन बसले होते. चहाचा कप त्यांनी डाव्या हाताने उचलला, खाली ठेवला, मग उजव्या हाताने उचलला, पुन्हा ठेवला. तिसऱ्या खेपेला बायकोने कप समोरून काढूनच घेतला.

"कुठल्या हाताने प्यायचा ते ठरलं की सांग, गरम करून देते," ती म्हणाली.

एरवी मास्तर हसले असते. पण गेला दीड महिना त्या घरात हेच नाटक चालू होतं. मास्तर एका मालवाहू विमान कंपनीत को-पायलट. को-पायलट उजव्या सीटवर बसतो. त्याचा उजवा हात कंट्रोलवर आणि डावा हात मधल्या थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायच्या दांड्यावर. डाव्या सीटवरच्या कॅप्टनचं सगळं नेमकं उलटं. नऊ वर्षं एका बाजूने केलेलं काम आता दुसऱ्या बाजूने करून दाखवायचं, म्हणून रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलापाशी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडून मास्तर डाव्या खुर्चीत बसायचे, आणि उजव्या खुर्चीत बायको वाटाणे सोलता सोलता चेकलिस्ट वाचायची. आठवीतली मुलगी येता-जाता विचारायची, "बाबा, पोहोचलो का आपण?" मास्तरांच्या आईचा प्रश्न वेगळाच होता. "तुझ्या विमानात माणसं नसतात ना रे? नुसती खोकी. मग घाबरतोस कुणाला, खोक्यांना?"

मास्तर खोक्यांना घाबरत नव्हते, यादीला घाबरत होते. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, हात धुवायच्या बेसिनच्या वर, पायलट लोकांची ज्येष्ठतेची यादी चिकटवलेली असते. ज्याची भरती आधी, त्याचा नंबर वर. वय, अनुभव, हुशारी यांना तिथे कुत्रंही विचारत नाही. मास्तरांनी उमेदीची अकरा वर्षं एका फ्लाइंग स्कूलमध्ये पोरांना विमान शिकवण्यात घालवली, म्हणून तर त्यांचं नाव मास्तर पडलं. शिकवण्यात जीव रमला आणि भरतीला उशीर झाला. पस्तिसाव्या वर्षी ते या कंपनीत लागले, तेव्हा त्यांच्याच हाताखाली शिकलेली तीन पोरं यादीत त्यांच्या वर होती. "अरे वा, सर तुम्ही!" असं म्हणून तिघांनी मास्तरांचे हात हातात घेतले आणि मग तिघेही जाऊन डाव्या सीटवर बसले. मास्तर उजवीकडे.

मग नऊ वर्षं ते हात धुताना मान वर करून बघत राहिले. कुणी निवृत्त झालं की नंबर एकाने सरकायचा, कुणी दुसरी कंपनी धरली की आणखी एकाने. मास्तर मुंगीच्या पावलाने वर चढत होते. अखेर आठ महिन्यांपूर्वी त्यांचा नंबर लागला, कॅप्टनकीच्या परीक्षेचं पत्र आलं, आणि मास्तर तिथे सपशेल आपटले.

आपटले तेही कसे! परीक्षा सिम्युलेटरमध्ये होते. सिम्युलेटर म्हणजे खोलीएवढा एक डबा. आत हुबेहूब खरं कॉकपिट, खिडक्यांच्या जागी पडदे. त्या डब्यात परीक्षकाने इंजिनाला आग लावून दिली. घंटा वाजली, लाल दिवा लागला, आणि डाव्या सीटवर बसलेल्या मास्तरांनी चटकन डावीकडे मान वळवली. हुकूम घ्यायला. डावीकडे कोण असणार? खिडकी! परीक्षकाने मागे बसून चार सेकंद मोजले. त्यातून शेजारी साथीला दिलेला को-पायलट अतिशहाणा निघाला. "हे करू का, ते करू का" करत त्याने मास्तरांच्या डोक्याचा पार भुगा केला.

संधी दोनच मिळतात. दुसऱ्यांदाही जो आपटेल त्याच्या नावापुढे यादीत एक फुली पडते आणि तो निवृत्त होईपर्यंत उजवीकडेच बसतो. आज दुसरी संधी होती. कप कुठल्या हाताने उचलावा हे मास्तरांना का कळत नव्हतं, ते आता ध्यानात आलं असेल.

सिम्युलेटरच्या इमारतीत मास्तर पाऊण तास आधीच पोहोचले. पाण्याच्या मशीनजवळच्या बाकावर एक मुलगी मांडीवर फाइल घेऊन ताठ बसली होती. आज साथीला तीच होती. तीन महिन्यांपूर्वी भरती झालेली, अजून प्रोबेशनवर, कंपनीत सगळे तिला 'नवी' म्हणायचे.

"सर, मला फार टेन्शन आलंय," ती म्हणाली.

"तुला कसलं टेन्शन? परीक्षा माझी आहे."

"आजचा कागद माझ्या प्रोबेशनच्या फाइलमध्येही लागतो ना, सर. पाचशे जणांतून आम्हा सहा जणांना घेतलंय. त्यातल्या एकाला मागच्या आठवड्यात घरी पाठवलं."

तिला धीर द्यायला हवा होता. फ्लाइंग स्कूलमधले मास्तर असते तर त्यांनी तो दिलाही असता. पण भीती वाटायला लागली की माणूस स्वतःपुरतं बघतो. मास्तरांच्या डोळ्यांसमोर तो मागचा अतिशहाणा उभा होता.

"हे बघ," ते म्हणाले, "आज मी विचारीन तेवढंच बोलायचं. चेकलिस्ट वाच, आकडे सांग, बास. मधे मधे काही सुचवायचं नाही. माझी लिंक तुटते."

"पण सर, ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, काही चुकीचं दिसलं तर..."

"चुकीचं काही दिसणार नाही."

"हो सर," नवी म्हणाली.

अकरा वर्षं ज्या माणसाने पोरांना 'शंका आली की बोला, लाजू नका' म्हणून कानीकपाळी ओरडून सांगितलं, त्याच्या तोंडून हे निघालं. त्या वेळी मास्तरांना त्याचं काही वाटलंही नाही.

परीक्षक बरोबर दहाला आला. मास्तरांच्या त्या तीन पोरांतलाच हा एक. पहिल्या सोलो उड्डाणाआधी याला भीतीने उलटी झाली होती आणि मास्तरांनी याच्या डोक्यावर थंड पाणी ओतलं होतं. आता त्याचं कपाळ मोठं झालं होतं आणि खिशाला तीन पेनं होती. माणूस सरळ, पण नियमाला इतका पक्का की त्याच्यासमोर लोक शिंकताना परवानगी घ्यायचे. "या कॅप्टन," तो मास्तरांना म्हणाला. परीक्षेपुरतं तसं म्हणायची रीत असते. तरी मास्तर जरा ताठ होऊन चालायला लागले.

डब्याचं दार बंद झालं. मास्तर डावीकडे, नवी उजवीकडे, परीक्षक मागे वही घेऊन. परीक्षकाने ग्राउंडवरच्या माणसाचं सोंग घेऊन मागून एक कागद पुढे केला. ती लोडशीट. किती माल, कुठल्या भागात किती वजन, तोल कुठे पडतो, हे सगळं तिच्यावर असतं. खऱ्या विमानात को-पायलट ती तपासतो, कॅप्टन सही करतो. सही केली म्हणजे कॅप्टनने विमान आपल्या ताब्यात घेतलं. त्याशिवाय चाक हलवायचं नाही.

मास्तरांनी कागद घेतला. बेरजा झरझर तपासल्या, तोल पाहिला, सगळं बरोबर होतं. मग त्यांनी पेन्सिल काढली, सहीच्या रेघेपाशी एक बारीक खूण केली आणि कागद दोन सीटच्या मधल्या क्लिपला लावून दिला.

नऊ वर्षं ते हेच करत आले होते. कॅप्टनला जागा शोधत बसायला नको म्हणून सहीच्या जागी खूण करायची, क्लिपला लावायचं, आणि डावीकडचा हात येऊन सही करून जायचा. मास्तरांचं सगळं लक्ष आगीकडे, घंटेकडे, आपल्या मानेकडे होतं. कागदाचं काम त्यांच्या मते झालं होतं.

नवीने क्लिपकडे पाहिलं. पेन्सिलची खूण, आणि रेघेवर काहीच नाही. तिने तोंड उघडलं. मग मास्तरांकडे बघितलं आणि मिटलं.

परीक्षकही काही बोलला नाही. त्याचं काम बोलायचं नसतं, लिहायचं असतं.

मास्तरांनी विमान उडवलं, आणि काय उडवलं! चारशे फुटांवर इंजिनाला आग लागली. घंटा वाजली, लाल दिवा पेटला, आणि मास्तरांची मान जागची हलली नाही. "कंट्रोल माझ्याकडे. आगीची चेकलिस्ट," ते म्हणाले, आणि आपलाच आवाज ऐकून त्यांना बरं वाटलं. उजवा हात थ्रॉटलवर आपोआप गेला, योग्य थ्रॉटलवर गेला. नवी मास्तर विचारतील तेवढंच वाचत होती, तिचा आवाज मधेच चिरकत होता. आडव्या वाऱ्यात, एका इंजिनावर, मास्तरांनी ते विमान असं अलगद टेकवलं की चाकं लागल्याचं कळलं ते फक्त आकड्यांवरून. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. घरी फोन करून काय म्हणायचं हेदेखील त्यांनी ठरवून टाकलं. 'पोहोचलो,' एवढंच.

बाहेरच्या छोट्या खोलीत टेबल होतं, तीन खुर्च्या होत्या. परीक्षकाने लोडशीट टेबलावर ठेवली आणि बोटाने मास्तरांकडे सरकवली.

"उड्डाणात एक मार्क काढायला जागा नाही," तो म्हणाला. "पण ही कुणी सही करायची होती?"

मास्तरांनी कागद पाहिला. आपलीच खूण ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. कानात घंटा वाजायला लागली, आणि ही काही सिम्युलेटरची नव्हती.

"कागदाप्रमाणे हे विमान कॅप्टनशिवाय उडालं," परीक्षक म्हणाला. मग तो नवीकडे वळला. "तू पाहिलं होतंस?"

नवीने मान हलवली. हो.

"मग बोलली का नाहीस?"

ती टेबलाकडे बघत राहिली. मास्तर वाट बघत होते, आता सांगेल, आता सांगेल. तिने सांगितलं नाही.

परीक्षकाने पेन बंद केलं आणि तो मास्तरांकडे न बघता, भिंतीकडे बघून म्हणाला, "नियम असा आहे. साथीदाराने चूक पाहिली आणि सांगितली नाही, तर परीक्षा रद्द धरतात. दुसरा साथीदार देऊन पुन्हा घेतात. नापासात मोजत नाहीत."

"आणि हिचं काय?" मास्तरांनी विचारलं.

"ते भरती समिती बघेल. प्रोबेशनवर आहे. बहुतेक ठेवत नाहीत."

म्हणजे गप्प बसलं की झालं. मास्तरांना ते लख्ख दिसलं. त्यांच्या जुन्या पोराने दार उघडून धरलं होतं आणि तो मुद्दाम दुसरीकडे बघत होता. पुन्हा परीक्षा, आणि पुढच्या वेळी मास्तर सही विसरणार नाहीत, जन्मात विसरणार नाहीत. बायकोने सोललेले ते ढीगभर वाटाणे फुकट जाणार नाहीत. खोटंही बोलायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं. मास्तरांना ते हवं होतं, फार हवं होतं.

"मी सांगितलं होतं तिला," ते म्हणाले.

"मास्तर, तुम्हाला विचारलं नाही मी."

"परीक्षेआधी, बाहेर बाकावर. मी विचारीन तेवढंच बोल म्हणालो. ती सांगत होती की चुकीचं दिसलं तर बोलायचं असतं. मीच तिला गप्प केलं."

परीक्षकाने बंद केलेलं पेन पुन्हा उघडलं. "हे लिहिलं तर हिच्यावर ठपका येणार नाही, पण परीक्षा रद्दही नाही धरता येणार. नापासच लिहावं लागेल. दुसऱ्यांदा."

"माहीत आहे."

"लिहू?"

"लिही," मास्तर म्हणाले. पंधरा-सोळा वर्षांनी त्याला अरे-तुरे केलं.

लिहून झाल्यावर त्याने कागद फिरवून मास्तरांपुढे ठेवला. मास्तरांनी पेन घेतलं आणि खाली सही केली. मग ते उठले आणि खुर्ची आत सरकवून बाहेर आले.

नवी धावत मागून आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"सर, मी सांगणार नव्हते. खरंच."

"ते बघितलं मी. तेच चुकलं तुझं," मास्तर म्हणाले. आवाज फुटू नये म्हणून ते जरा चिडूनच बोलले. "कुणीही गप्प बस म्हणालं तरी बसायचं नाही."

"हो सर." तिने नाक पुसलं. "सर, मला परत तुमच्याबरोबर फ्लाइट लावून घेता येईल?"

"दोन को-पायलट एका विमानात नसतात गं."

हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. ती तिथेच उभी राहिली, फाइल छातीशी धरून. मास्तरांना तिची दया आली, स्वतःचीही आली.

"तुझा नंबर लागायला दहाएक वर्षं जातील," ते म्हणाले. "मग तू डावीकडे बसशील. मी असेनच उजवीकडे. फक्त मला गप्प बसायला सांगू नकोस."