गुरुवारचा विसर

दीक्षाने निळी वायर राऊटरला जोडली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. राऊटर सुरू होत होता, दिवेही लागत होते. पण स्वतःचं नावगाव विसरून. कारखान्यातून आजच आल्यासारखा तो विचारत होता, माझी मांडणी करायची का?

मार्केट यार्डातल्या या आडतीच्या दुकानात महिनाभर दर गुरुवारी हेच. गुरुवारी वीज जाते हे पुण्यात शेंबड्या पोरालाही माहीत. वीज परत आली की तिच्या कंपनीतला रोहन यायचा, सगळी माहिती पुन्हा भरायचा आणि निघायचा. आज तो रजेवर, म्हणून ती आली होती.

"बटणाशी कोणीतरी खेळतंय, असं तुमचे रोहनसाहेबच म्हणाले," मालक रावसाहेब म्हणाले. "आमचे दत्तोबा लाईट गेली की मेन स्विच पाडतात. फार हुशार! आजपासून त्यांना कायमची सुट्टी."

दाराशी उभा असलेला म्हातारा वॉचमन दत्तोबा पुढे आला.

"लाईट झटक्यानं येती, म्हनून पाडतो, ताई. त्या डब्याला म्या हात लावला न्हाई. घरात कमावता मी एकलाच हाय."

दीक्षाने एक आज्ञा टाइप केली. पडद्यावर आकडा आला, आणि तो नेहमीचा नव्हता. पासवर्ड हरवला की राऊटरला सांगतात, साठवलेलं वाचू नकोस, तसाच सुरू हो. काम झालं की तो आकडा पूर्ववत करायचा. रोहनने महिन्यापूर्वी इथला हरवलेला पासवर्ड काढून दिला होता, आकडा तसाच ठेवून. चालू झालं की निघायचं, ही त्यांच्या कंपनीची रीतच होती.

तिने जिन्यात जाऊन रोहनला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"अगं, मग गुपचूप बदल ना," रोहन म्हणाला. "सोमवारी माझं पर्मनंटचं ठरतंय. वॉचमनला काय, दुसरीकडे मिळेल."

"वय बघितलंस त्यांचं?"

"दीक्षा, पुढच्या महिन्यात लग्न आहे आपलं."

तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. आकडा बदलणं क्षणाचं काम. पुढचा गुरुवार सुरळीत जाईल, आणि सगळे म्हणतील, बघा, दत्तोबा गेला नि राऊटर सुधारला.

आत येऊन तिने माहिती भरली. दुकानाच्या पडद्यावर बाजारभाव दिसू लागले. रावसाहेब खूश झाले.

"थांबा," ती रावसाहेबांना म्हणाली. "आता हा राऊटर तुमच्या हातानं बंद करून चालू करा. दत्तोबा, तुम्ही तिथेच उभे राहा."

रावसाहेबांनी बटण दाबलं. राऊटर पुन्हा कोरा. तिने माहिती परत भरून साठवली, आकडा बदलला आणि पुन्हा बटण दाबायला लावलं. या वेळी भाव आपोआप आले. "आमच्याकडूनच एक आकडा चुकीचा राहिला होता," ती म्हणाली.

दत्तोबाने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. रावसाहेब त्याच्याकडे न बघता म्हणाले,

"उद्या वेळेवर या."

मग दीक्षाकडे वळले. "म्हणजे चूक तुमच्या माणसाची. कंपनीला कळवतो. नाव सांगा."

ती वायर गुंडाळत होती. गाठ बसली होती, सुटेना.

"रोहन."

"अरेरे! परवाच पेढे देऊन गेला हो. लग्न ठरलंय त्याचं. मुलगी ऑफिसातलीच आहे म्हणाला."

"हो," दीक्षा म्हणाली. "मीच ती. तुम्ही कळवा."