पंख्याखालचा निकाल

पालिकेच्या कोर्टाने आपलं पोट आपणच भरावं, ही अफलातून कल्पना अर्थ समितीच्या सभापतींना सुचली आणि न्यायाधीशबाईंची झोप उडाली. दुसऱ्या कोणाचं डोकं असतं तर बाईंनी त्याला चार शब्द सुनावले असते. पण सभापती पडले त्यांचे सख्खे दीर. घरी एका टेबलावर जेवायचं, वहिनी-भाऊजी करायचं आणि बाहेर एकमेकांच्या मुळावर उठायचं, असा सगळा प्रकार.

कोर्ट म्हणजे तरी काय! पाणीपट्टीच्या खिडकीवरची एक खोली, एक कारकून आणि छताला एक पंखा. खटले म्हणावेत तर नको तिथे लावलेल्या गाड्या, दारातून बाहेर भिरकावलेला कचरा आणि शेजाऱ्याचं भुंकणारं कुत्रं. बाईंची ख्याती दंडापेक्षा कानउघाडणीबद्दल होती. त्यांच्याकडून बोलणी खाल्लेला माणूस आठवडाभर भिंतीच्या कडेकडेने चालायचा. पण बोलणी तिजोरीत जमा होत नाहीत, आणि भाऊजींचं दुखणं नेमकं तेच होतं. दंड जमेल त्यातच कोर्टाने भागवावं, असा त्यांचा ठराव होता.

ठराव झाला तर खुर्ची सोडायची, हे बाईंनी ठरवून टाकलं होतं. समोरच्या माणसाच्या तोंडावर विजेचं बिल दिसायला लागलं की कसला न्याय आणि कसलं काय! पण त्या खुर्चीवर त्यांचा जीव होता.

सभागृहाला रंग द्यायला काढला होता, म्हणून सभा कोर्टाच्याच खोलीत भरली आणि बाईही आपल्या खुर्चीत बसून होत्या. रंगाचा वास नको म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या. त्यात माइक एकच आणि तोही आरोपीच्या पिंजऱ्यात, कारण आरोपी नेहमी पुटपुटतात. साहजिकच ज्याला बोलायचं त्याला पिंजऱ्यात जाणं भाग होतं. आता ही त्या जागेची करामतच म्हणायची! ठरावाला पाठिंबा द्यायला उभे राहिलेले बेकरीवाले नगरसेवक एकदम म्हणाले, "खोकी मी एकटाच फुटपाथवर ठेवत नाही हो, सगळेच ठेवतात!" आणि घाम पुसत खाली आले. त्यांना कोणी काही विचारलंही नव्हतं.

मग भाऊजी चढले. ते मात्र बधणारे नव्हते.

"न्यायाधीश महोदया," ते घसा साफ करून म्हणाले, "बाग तिकिटावर चालते, पोहण्याचा तलाव तिकिटावर चालतो. मग कोर्टानेच फुकट का बसून खावं?"

"आणि आगीचा बंब?" बाईंनी विचारलं. "त्याने आधी पैसे घेऊन मग पाणी मारायचं का?"

"विषय भरकटवू नका, वहिनी. म्हणजे, महोदया."

सभेत खसखस पिकली. बाईंच्या डोक्यात तेव्हा एक गंमत आली. "ठीक आहे. तुमच्या ठरावाची रंगीत तालीम करू. आज सकाळी तुमची स्कूटर बंबाच्या फाटकासमोर होती. खरा खटला असता तर नात्यातला माणूस म्हणून मी हात लावला नसता. पण तालमीला काय हरकत आहे? बोला, गुन्हा कबूल?"

"मुळीच नाही! तिथल्या पाटीवर रंगाऱ्यांनी कापड टाकलं होतं. पाटी दिसलीच नाही तर मी काय करणार?"

कारकुनाने मान डोलावली. येताना त्यानेही ते कापड पाहिलं होतं.

"म्हणजे तुम्ही निर्दोष," बाई म्हणाल्या. "दंड नाही. आणि दंड नाही तर तुमच्या ठरावाप्रमाणे पंख्याला पैसे नाहीत. बंद करा."

कारकुनाने बटण दाबलं. पंखा कुरकुरत थांबला. पहिल्यांदा सगळे हसले. मग हसणं कमी झालं आणि कागदांनी वारा घेणं सुरू झालं. बेकरीवाल्यांची मान लाल झाली. कोणी तरी म्हणालं, "अहो, किरकोळ दंड करून टाका ना!" लगेच दुसऱ्याने री ओढली, "कापड बाजूला करून बघायला काय झालं होतं?" बघता बघता सगळी सभा ओरडायला लागली, "दोषी! दोषी!"

"अरे, पण माझी चूक नाही!" भाऊजी पिंजऱ्याचा कठडा धरून ओरडले. एरवी घर डोक्यावर घेणारा त्यांचा आवाज माइकवरही बारीक आला. "वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना!"

कपाळावरचा घाम बाईंच्या डोळ्यांत उतरत होता आणि हात लाकडी हातोड्यावर होता. भाऊजींनी त्या हाताकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"निर्दोष," बाई म्हणाल्या. "आणि पंखा लावा."

भाऊजींनी पिंजऱ्यातूनच ठराव मागे घेतला. बंबाप्रमाणे कोर्टाचा खर्चही सगळ्यांच्या करातून होत राहील, असं एकमताने ठरलं आणि माणसं खिडक्या उघडायला धावली.

घरी परतताना भाऊजी स्कूटर ढकलत बाईंच्या बरोबरीने चालत होते. स्वारी खुशीत होती.

"मानलं हो, वहिनी! हातोड्यावर हात ठेवून काय घाबरवलंत मला! मला खरंच वाटलं, आता तुम्ही दोषी म्हणणार. कसलं नाटक केलंत!"

बाईंना आपल्या त्या हाताचीच भीती वाटत होती.

"नाटक नव्हतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मलाही उकडत होतं."